मंगळवारचा साप

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला जीभ बाहेर काढायला सांगितली.

मी नुकताच बी.एड. होऊन त्या गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायला लागलो होतो. गाव दिग्रसच्या अलीकडचं, बाजाराचं. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्यावर माया करतात आणि ती मला टिकवायची आहे. हातात वळकटी, उन्हानं तापलेलं डोकं, आणि समोर ओसरीवर पांढराशुभ्र लेंगा-सदरा घातलेला, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेला म्हातारा. मी म्हटलं, "खोली भाड्यानं द्यायची आहे असं कळलं." ते म्हणाले, "जीभ दाखवा." भर दुपारी, रस्त्यावरून माणसं जात-येत असताना, मी जीभ दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती नीट पाहिली.

"पोट साफ नाही राहत तुमचं," ते म्हणाले, "पन मानूस ठीक दिसते. या मास्तर, अंदर या."

सरकारी दप्तरात त्यांचा हुद्दा चांगला लांबलचक होता, पण गावात ते कंपाउंडरकाका. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीत काढली होती. डॉक्टर पाहुण्यासारखे यायचे, बदलीचा अर्ज टाकायचे आणि मंजूर झाला की पेढे वाटून जायचे. काका खिडकीतच. जुन्या काळी पेशंटला मिक्श्चर हवं तर बाटली घरून आणावी लागे. बाटलीला जरा वास आला तरी काका ती परत पाठवत, मग पेशंट फौजदार असो की खुद्द डॉक्टरांचे सासरे. बाटली भरली की तिच्यावर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायची. एक खाच म्हणजे एक डोस. ही पट्टी कातरण्यात काकांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, असं त्यांचंच मत होतं.

पुढे गोळ्यांची पाकिटं आली, बाटल्या गेल्या. पट्ट्या मात्र काकांच्या हातातून सुटल्या नाहीत. त्या घरात आल्या. दुधाच्या पातेल्याला पट्टी, तेलाच्या बरणीला पट्टी, रॉकेलच्या डब्याला पट्टी. माझ्या पाण्याच्या बादलीलाही दुसऱ्या दिवशी पट्टी लागली. वरची खाच आंघोळीची, मधली कपड्यांची, खालची "अडीअडचणीची". ही अडीअडचण कोणती ते मी शेवटपर्यंत विचारलं नाही. काकूंचं माहेर बोरी अरबचं, त्या ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी एकदा काकांच्या तपकिरीच्या डबीवर तशीच पट्टी चिकटवून तीन खाचा पाडल्या. आठवडाभर घरात अबोला होता आणि मला दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवावे लागले.

पण पट्ट्यांपेक्षा गावात प्रसिद्ध होता तो काकांचा प्रश्न. आयुष्यभर गोळ्या देताना जे सांगितलं ते त्यांच्या जिभेत इतकं मुरलं होतं, की कोणी काहीही सांगो, काका आधी विचारायचे, "जेवनाआंधी का जेवनानंतर?"

कोणी म्हणालं, भावानं वाटणी मागितली. "जेवनाआंधी का जेवनानंतर?" कोणी म्हणालं, पाहुण्यांनी मुलगी पसंत केली. "जेवनाआंधी का जेवनानंतर?" मी एकदा वैतागून सांगत आलो, की मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. काकांनी तोच प्रश्न केला. मी म्हटलं, "काका, याचा जेवणाशी काय संबंध?"

तेव्हा त्यांनी मला समोर बसवून अख्खं शास्त्र सांगितलं. "पाहा मास्तर. उपाशी मानूस जे बोलते ते त्याचं पोट बोलते. ते मनावर घ्याचं नसते. जेवल्यावर जे बोलते ते तो सोता बोलते. ते पक्कं. आता सांगा, हेडमास्तर कधी बोलले?"

"साडेबाराला. डबा खायच्या आधी."

"मंग झालं तर. कायले जीव जाळून राह्यले?"

सांगायला लाज वाटते, पण मला त्यानंतर खरंच हलकं वाटलं. मी पुढे मुख्याध्यापकांकडे रजेचे अर्ज घेऊन जायचो ते दोननंतरच.

काका निवृत्त झाले होते, पण संध्याकाळी पाच वाजले की पायात चपला सरकवून रुग्णालयात जात. तिथे एका कोपऱ्यात एक जुना फ्रीज होता आणि त्या फ्रीजमध्ये सापाच्या विषावरच्या इंजेक्शनाच्या छोट्या बाटल्या. काका दार उघडून आतली थंडी हातानं पाहत, बाटल्या मोजत आणि घरी येत. ती वर्षं भारनियमनाची होती. वीज दिवसाचे दहा-दहा तास बेपत्ता. मग काका गारीगारवाल्याकडून बर्फाची लादी घेत, गोणपाटात गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधत आणि फ्रीजमध्ये नेऊन ठेवत. उन्हाळ्यात रस्त्यावर त्यांच्या सायकलीमागे पाण्याची रेघ दिसायची. नवे कर्मचारी आधी हसले, मग त्यांना सवय झाली, शेवटी तेच पाच वाजता फ्रीजसमोरची खुर्ची बाजूला करून ठेवू लागले.

एकदा मी विचारलं, की हे तुमच्याकडे कुणी सोपवलंय का. काकांनी चपला काढून कोपऱ्यात ठेवल्या. मग म्हणाले, "हा फ्रीज नव्हता ना मास्तर, तवा साप चावला का यवतमाळ. दोन तास एष्टी. मी चिठ्ठी लिवून कंडक्टरच्या हाती देत होतो अन् सीट रिकामी करून घेत होतो. किती लोकायले बसवून देल्लं ते मले याद हाय. किती वापस आले ते इचारू नका." एवढंच बोलून ते काकूंशी तेलाच्या बरणीवरून भांडायला आत गेले.

फ्रीज आल्यावर काय झालं, ते मात्र आमच्या समोरच राहत होतं. समोरच्या सुताराची बायको, मंदाबाई. मी त्या गावात जायच्या दोन वर्षं आधी ती दुसऱ्याच्या वावरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, निंदायला गेली असताना तिच्या पायाला साप चावला. शुक्रवारची दुपार. मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून तिला आणलं. फ्रीज थंड होता, बाटल्या होत्या, मंदाबाई वाचली. सुतारानं महिनाभर खपून सागवानाचा एक नंदी बनवला, कमरेएवढा उंच, खाली चार चाकं, पितळी घुंगरांची माळ, आणि काकांच्या ओसरीवर आणून उभा केला. काका कुणाचं काही घेत नसत, अगदी संक्रांतीचा तिळगूळसुद्धा चिमूटभरच घेत. पण नंदी त्यांनी ठेवून घेतला. मी त्याच्या शिंगाला छत्री अडकवायचो आणि दर वेळी बोलणी खायचो.

तर अशी सगळी मंडळी गुण्यागोविंदानं नांदत असताना सुधारणा आली.

ती वर्षं आमच्या भागात कापसानं पार रडवलेली होती. त्यामुळे नेते फार यायचे. गाड्यांच्या रांगा, टीव्हीवाले, हार, आश्वासनं. त्यातच कधीतरी सरकारच्या मनात आलं, की आरोग्यव्यवस्था सुधारायला हवी. सुधारणा अशी: छोट्या गावच्या रुग्णालयातल्या खाटा आणि फ्रीज वगैरे सामान मोठ्या गावी न्यायचं. त्याबदली प्रत्येक घराला मोफत उपचारांचं एक कार्ड आणि दर मंगळवारी गावात एक फिरता दवाखाना. आमच्या आमदारांनी या सुधारणेला पाठिंबा दिला होता. पाठिंबा साधासुधा नव्हे, चौकाचौकात हात जोडलेला फोटो आणि खाली 'आता डॉक्टर तुमच्या अंगणात'. फोटो अंगणाएवढाच मोठा होता.

गाव खवळलं. मोर्चा निघाला, घोषणा झाल्या, तहसीलदारांनी निवेदन हसतमुखानं घेतलं. त्यांच्या टेबलावर निवेदनांचा एक गठ्ठा आधीच होता, आमचं त्याच्यावर गेलं. मग बसस्टँडसमोर मांडव टाकून साखळी उपोषण सुरू झालं. सगळे म्हणाले, कंपाउंडरकाकांनी पहिल्या दिवशी बसावं, त्यांच्याशिवाय शोभा नाही. काका मांडवात आले, सगळ्यांच्या जिभा पाहिल्या आणि साफ नाही म्हणाले.

"उपोषन म्हंजे सगळं बोलनं जेवनाआंधीचं," ते म्हणाले. "कोन मनावर घेईन? जेवून बसा, मी येतो."

जेवून उपोषण करता येत नाही, हे त्यांना तिघांनी समजावून सांगितलं. काका घरी आले. आठवडाभरात उपोषणही आटोपलं, कारण सोयाबीनच्या फवारणीचे दिवस आले.

पुढच्या महिन्यात आमदारसाहेबांचा जनता दरबार झाला, आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये. आमच्या संस्थेचे अध्यक्ष म्हणजे साहेबांचा उजवा हात, त्यामुळे सतरंज्या आम्ही शिक्षकांनी घातल्या. काका पुढच्या रांगेत बसले होते. त्यांची पाळी आली तसे उठले.

"साहेब, त्या कार्डावर हृदयाचं ऑपरेशन होते का?"

"होतं ना काका. पूर्ण मोफत." साहेबांची भाषा मुंबईत राहून चांगली धुऊन निघाली होती.

"मेंदूचं?"

"तेही."

"गुडघ्याचं?"

"गुडघा, मणका, सगळं."

"अन् साप चावला त?"

साहेब हसले. मागचे चारजण त्यांच्याबरोबर हसले. "काका, साप काय रोज चावतो का? आणि मंगळवारी गाडी येतेच की."

टाळ्याही पडल्या. दुसऱ्याचा प्रश्न सुरू झाला. काका थोडा वेळ उभे राहिले आणि मग खाली बसले. जेवणाआधी की नंतर, हे त्यांनी विचारलं नाही. मी सतरंजीच्या टोकाशी उभा होतो. मला त्यांच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण अध्यक्षांचं लक्ष होतं आणि माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी पंखा वाढवायला गेलो.

त्या दिवशी काका पाच वाजता रुग्णालयात जाऊन आले आणि ओसरीवर नंदीशेजारी बसून राहिले. मंदाबाई वावरातून परतत होती, तिनं डोक्यावरचा भारा खाली ठेवून विचारलं, "काय म्हने आमदार?"

काका म्हणाले, "मंदे, तुले साप कोन्त्या वारी चावला होता?"

"शुक्करवारी."

"चुकलं तुह्यं. मंगळवार पाह्यजे होता."

मंदाबाई हसली, पण तिचा हात पायावरच्या व्रणाकडे गेला. ती उद्याही वावरात जाणार होती आणि परवाही. पावसाळ्यात साप निघतात आणि निंदणही पावसाळ्यातच असतं, यात ना तिचा इलाज होता, ना सापाचा. काका तिच्याकडे पाहत राहिले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, पोया कधी हाय?"

पोळा पंधरा दिवसांवर होता, आणि त्या पोळ्याला पाहुणे म्हणून आमदारसाहेब यायचे होते.

बाहेरच्यांसाठी सांगायला हवं. आमच्याकडे पोळ्याला सजवलेले बैल तोरणाखाली उभे राहतात आणि पोळा फुटायच्या, म्हणजे तोरण तोडून बैल सोडायच्या, आधी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे चार-सहा ओळींचं यमक जुळवलेलं टोचणं. त्यात सावकार, सरपंच, सरकार, शेजारी, कुणाचीही हजेरी घेता येते. दोन नियम मात्र पक्के. झडतीचा राग धरायचा नाही, हा पहिला. आणि झडती संपताना म्हणणारा 'हर बोला' म्हणतो, त्यावर जो 'हर हर महादेव' म्हणेल त्यानं ती झडती मान्य केली, हा दुसरा. आमच्या गावचा एक तिसराही नियम होता. ज्याच्या हाती बैलाचा कासरा, त्यानंच झडती म्हणायची.

काकांनी आधी झडती लिहायचं काम मला दिलं. मराठीचा मास्तर म्हणून मी मान ताठ करून बसलो आणि दोन दिवस राबून आरोग्याचा अस्त, जनतेचा आक्रोश वगैरे घालून बारा ओळी केल्या. काकांनी कागद उजेडाकडे धरला, बाटली धरत तसा.

"लय पातळ झालं," ते म्हणाले. "पानी जास्त, औषध कमी."

मग त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं. सकाळी ओसरीवर पुटपुटत आणि संध्याकाळी मंदाबाईला ऐकवत. ती हसली की ओळ राहायची, नाही हसली की जायची. माझ्याकडे त्यांनी एकच काम ठेवलं. झडती संपली, की गर्दीतून पहिला 'हर हर महादेव' मी म्हणायचा. "आमदार बसला हाय म्हनून लोक भेतीन," काका म्हणाले, "एकानं म्हटलं का मंग सारे म्हनतीन." मी शब्द दिला. तो जेवणानंतर दिला होता, हे मला आजही आठवतं.

पोळ्याच्या दिवशी सकाळपासून माझ्या घशाखाली काही उतरेना. काकूंनी पुरणपोळी वाढली ती तशीच राहिली. दुपारी अध्यक्षांचा निरोप आला, की शिक्षकांनी मंचाजवळ थांबावं. मंच कुठे, तर तोरणाला लागूनच.

त्या वर्षी बैल कमी होते. दरवर्षी तोरणाखाली दाटी व्हायची, पुढच्या बैलाचं शिंग मागच्याला लागायचं. आता मधे मधे मोकळी जागा होती आणि तिकडे कोणी फारसं पाहत नव्हतं. ज्यांनी बैल विकले होते तेही धुतलेले कपडे घालून येऊन उभे होते, नुसतेच. पोळ्याचे मानकरी म्हातारे पाटील प्रत्येक जोडीला हात लावून पुढे घेत होते. तेवढ्यात रस्त्यानं चाकांची करकर ऐकू आली. काका येत होते. हातात कासरा, कासऱ्याच्या टोकाला सुताराचा नंदी. शिंगांना बेगड, पाठीवर काकूंच्या जुन्या शालूची झूल, आणि पोटाला, मी खोटं सांगत नाही, कागदाची पट्टी.

पोरं खिदळली. पाटलांनी हात आडवा केला. "कंपाउंडर, हा तान्ह्या पोयाचा बैल हाय. लेकरायचा पोया उद्या."

"पाटील, बैलाले पाय किती पाह्यजेत?"

"चार."

"मोजा. शिंगं?"

"दोन."

"तेही मोजा. शेन टाकत नाही, हा त्याचा दोष असंन त सांगा."

पाटलांनी नंदीकडे पाहिलं. मग त्यांची नजर तोरणाखालच्या मोकळ्या जागांवरून फिरली. त्यांच्या स्वतःच्या दोन जोड्यांपैकी एकच उरली होती. ते हळूच म्हणाले, "येऊ द्या. यंदा जेवढे आले तेवढे आपलेच." आणि त्यांनी स्वतः नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं. काकांची जागा नेमकी मंचासमोर आली.

आमदारसाहेब अध्यक्षांच्या घरून जेवून आले होते. पुरणपोळीनं चेहऱ्यावर समाधान होतं. हातात माइक होता, कारण झडत्या झाल्या की त्यांचं भाषण होतं. दोन-चार झडत्या झाल्या. एक बियाण्यावर, एक सरपंचावर, एक जावयावर. प्रत्येक वेळी 'हर हर महादेव'चा गजर झाला. मग काकांनी कासरा ताणला आणि औषधाच्या खिडकीतून नाव पुकारत त्या खणखणीत आवाजात सुरू केलं:

"कार्ड देल्लं हाती, फोटो त्यावर छान,
गाडी येते मंगळवारी, ठेवा तिचा मान.
साप आला दारी, म्हने वार सांगा बाई,
आज हाय शुक्करवार, मले घाई नाही.
चार दिस वावरात बसतो मी दडून,
मंगळवारी येतो मंग कार्ड तुह्यं पाहून.
साहेबाले इचारतो, खरं खरं बोला,
सापाच्या बिळात चिठ्ठी घेऊन कोन गेला?
हर बोला…"

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी मंचाकडे पाहिलं. अध्यक्ष माझ्यापासून चार हातांवर उभे होते आणि त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं, निदान मला तसं वाटलं. माझं तोंड उघडलं होतं. 'हर' जिभेवर आलाही होता. पण आवाज फुटला नाही. काका गर्दीत मला शोधत होते. त्यांनी मला पाहिलं, मी त्यांना पाहिलं आणि खाली नंदीच्या चाकांकडे बघू लागलो. इतकी लाज मला आयुष्यात पुन्हा वाटली नाही.

काकांनी कासरा पुन्हा ताणला. घुंगरं वाजली. ते पुन्हा म्हणाले, "हर बोला…"

आणि माइकवरून, चारही कर्ण्यांमधून, साऱ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज आला, "हर हर महादेव."

आमदारसाहेब शेजारच्याच खेड्यातले, शेतकऱ्याच्या घरचे. लहानपणापासून दर पोळ्याला तोरणाखाली उभे राहिलेले. 'हर बोला' कानावर पडलं की तोंडातून काय बाहेर यायचं, ते मुंबईलाही धुऊन काढता आलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच ते दोन क्षणांनी कळलं. त्यांनी माइककडे असं पाहिलं, जणू तोच बोलला होता.

मग जे हसू फुटलं, ते तोरणापासून बाजारापर्यंत गेलं. बैल बिचकले. पाटलांनी डोळे पुसले. घरांच्या ओट्यांवर उभ्या असलेल्या बायकांतून मंदाबाईचा आवाज आला, "मान्य केली, साहेबानं झडती मान्य केली." ते वाक्य गावानं उचललं. साहेब शेवटी स्वतःही हसले. राग धरायचा नाही, हा नियम त्यांनाही ठाऊक होता. भाषणात त्यांनी आरोग्याचा विषयच काढला नाही. तोरण तुटलं आणि पोळा फुटला.

दुसऱ्या दिवशी पाटलांसह दहा-बारा माणसं साहेबांच्या बंगल्यावर गेली. काका पुढे होते. साहेब म्हणाले, "अहो, ते सवयीनं तोंडातून गेलं." काका म्हणाले, "साहेब, तुमी पुरनपोळी खाऊन आलते. जेवनानंतरचं बोलनं हाय, पक्कं हाय." साहेबांना हे शास्त्र माहीत नव्हतं, पण पोळ्याची मान्य केलेली झडती फिरवली तर मतदारसंघातल्या कोणत्या तोरणाखाली उभं राहायचं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. महिन्याभरात कागद आला. आमच्या रुग्णालयाचं सामान 'पुढील आदेशापर्यंत' हलवू नये. काकांनी त्याची नक्कल फ्रीजच्या दारावर चिकटवली. पुढचा आदेश कधी आलाच नाही. त्या पावसाळ्याच्या शेवटी दोन माणसं साप चावून आली, एक रविवारी आणि एक बुधवारी. दोघंही चालत घरी गेली.

हे सगळं होईपर्यंत मी काकांना टाळत होतो. एकाच घरात राहून माणसाला टाळणं फार कष्टाचं काम आहे. शेवटी एका संध्याकाळी ते बर्फ बांधत असताना मी जाऊन उभा राहिलो.

"काका, मी शब्द दिला होता. मी गप्प राहिलो."

त्यांनी दोरीची गाठ मारली. "भेले होते तुमी."

"हो."

"जेवनाआंधी का जेवनानंतर?"

मला काकूंनी वाढलेली ती पुरणपोळी आठवली. "आधी. सकाळपासून काहीच खाल्लं नव्हतं."

"मंग झालं तर," काका म्हणाले. "उपाशी मानसाचं गप्प राहनं बी मनावर घ्याचं नसते. धरा इकडून, लादी सरकून राह्यली."

मी लादी धरली. रुग्णालयापर्यंत सायकलीमागे चालत गेलो. त्यानंतर त्या गावात होतो तोवर पाच वाजता मी दुसरं काही काम ठेवलं नाही.

पुढे संस्थेनं मला ढाणकीच्या शाळेत पाठवलं. मग लग्न, मुलं, आणि माझ्याही चष्म्याला दोरा. दिवाळीला पत्र जायचं, त्याचं उत्तर यायचं आणि पत्राच्या कडेला कातरलेली एक पट्टी असायची, किती दिवसांनी भेटायला या ते सांगणारी. मी खाचा चुकवायचो.

मागच्या पावसाळ्यात सकाळी शाळेत निघालो होतो तेव्हा फोन वाजला. आवाज ओळखायला वेळ लागला. मंदाबाई होती. तिची नात शेजारी उभी राहून तिला मोबाइल कसा धरायचा ते सांगत होती.

"सर," ती म्हणाली, "कंपाउंडरकाका गेले. काल."

आणि माझ्याही तोंडातून, मी न ठरवता, ते गेलं. "जेवणाआधी का जेवणानंतर?"

दुसऱ्या कुणाला हे सांगितलं तर मला वेडा म्हणतील. पण मंदाबाईला क्षणभरही विचार करावा लागला नाही.

"जेवनानंतर, सर," ती म्हणाली. "पाचले फ्रीज पाहून आले, बाटल्या मोजल्या, घरी येऊन पोटभर जेवले, अन् मंग गेले."